ज्याचे हात, त्याचा शब्द

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाकडच्या सोसायटीत सात आठवड्यांत चार बाळं जन्माला आली. लिफ्टमध्ये शिरलं की कोणत्या घरच्या बाळाची अंघोळ उरकली ते वासावरून कळायचं. तिसऱ्या मजल्यावर खोबरेल; घर लातूरचं, पण सून रत्नागिरीची आणि तिची आई बाळंतपणाला आलेली. नवव्यावर मदुराईचं कुटुंब, तिथं तिळाचं तेल. अकराव्यावर आई बंगाली आणि वडील नागपूरचे. तिथं मोहरीचं तेल आणि बाटलीतलं सुगंधी बेबी ऑइल आलटूनपालटून, म्हणजे त्या पंधरवड्यात कोणती आजी मुक्कामाला आहे त्याप्रमाणे. चौथं बाळ पार्किंगच्या मागच्या खोलीत, वॉचमनचं. ही मंडळी बिहारमधल्या सिवानची. तिथंही मोहरीचंच तेल, लसूण आणि ओवा घालून कढवलेलं. वरच्या तिन्ही घरांत बाळाला न्हाऊ घालायला एकच बाई यायची. मूळची सोलापूरकडची, राहायला थेरगावात. सगळे तिला मावशी म्हणतात, मीही म्हणते, आणि मी तिच्यापेक्षा वयानं मोठी आहे.

तेलावरून सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर नऊ दिवस वाद चालला. कुणी लेखाचा दुवा टाकला, कुणी आजीचा दाखला दिला, कुणी डॉक्टरांचा व्हिडिओ. आमच्यात असं करतात, तुमच्यात कसं? नऊ दिवसांत कुणी विचारलं नाही की हे तेल चोळतंय कोण, त्याला त्याचे किती पैसे मिळतात आणि तेवढ्या वेळात ती आई झोपते का.

माझा मुद्दा इथंच आहे. वेगवेगळ्या प्रांतांतल्या, जातींतल्या, भाषांतल्या तरुण आया मूल वेगवेगळ्या रीतीनं वाढवतात हे खरं, पण त्यांच्यावर कशाचा प्रभाव पडतो हे शोधताना आपण नको तिथं बघतो. आपण ‘संस्कृती’ हा शब्द उच्चारतो आणि थांबतो. मग परंपरा विरुद्ध विज्ञान असा जुना आखाडा सुरू होतो: एका बाजूला आजीबाईचा बटवा, दुसऱ्या बाजूला बालरोगतज्ज्ञ, मध्ये रडणारं मूल. प्रत्यक्षात आईच्या मनावर राज्य करतो तो रात्री अडीच वाजता मूल तिच्या हातातून घेणारा माणूस. ज्याचे हात, त्याचा शब्द. सल्ला आज फुकट आणि ढिगानं मिळतो. दुर्मीळ झालेत ते हात.

रीतीभातींचं म्हणाल तर त्या वरवर जितक्या वेगळ्या दिसतात तितक्या वेगळ्या नसतात. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना. चीनमध्ये बाई ‘महिना बसते’: गार पाणी नाही, वारा नाही, बाहेर जाणं नाही. मेक्सिकोत याच काळाला ‘क्वारेंतेना’ म्हणतात, म्हणजे चाळीस दिवस. कोरियात तर बाळंतिणींना दोन आठवडे ठेवून घेणारी, जेवणखाण आणि बाळाची देखभाल करणारी सशुल्क केंद्रंच निघाली आहेत. आपल्याकडे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बिहारकडे सुंठीचे. आपल्या बाळगुटीत सहाणेवर हिरडा, जायफळ, हळकुंड, खारीक, बदाम यांच्यासोबत वेखंडाचे दोन वेढे पडतात. तमिळ घरात तेच वेखंड ‘वसंबू’ होतं, त्याचे मणी करून बाळाच्या मनगटात कडं घालतात, आणि त्याचं एक नाव आहे ‘पिळ्ळै वळर्प्पान’, म्हणजे मूल वाढवणारं. नवव्या मजल्यावरच्या पाटीनं (तमिळमध्ये आजीला पाटी म्हणतात) आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजीनं एकमेकींचं वेखंड ओळखलं तेव्हा दोघींना भाषा लागली नाही.

हे वेखंड पोटात द्यावं का, हा वेगळा प्रश्न आणि त्याचं उत्तर सरळ आहे: पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको. जागतिक आरोग्य संघटना हे सांगते, आपले डॉक्टर सांगतात, अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. तरी गुटी उगाळली जाते. का? तरुण आया अडाणी आहेत म्हणून? अकराव्या मजल्यावरची आई सॉफ्टवेअरमध्ये आहे. वर्षाखालच्या बाळाला मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम नावाचा, क्वचित होणारा पण जिवावर बेतू शकणारा आजार होतो, हे ती झोपेतही सांगेल. आणि तिच्याच बाळाच्या जिभेला बाराव्या दिवशी मध लागला. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “काकू, मध नको म्हटलं असतं तर आजी परत गेल्या असत्या. मग रात्री कोण?”

हा अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे. एक बोट मध आणि चाळीस रात्रींची झोप यांचा हिशेब. तो चुकीचा असेल, धोक्याचा तर आहेच, पण ज्यानं तिला रात्रीला हात दिला नाही त्यानं तो चुकीचा ठरवायला घाई करू नये. डॉक्टर सात मिनिटं भेटतात. सासू किंवा आई चोवीस तास असते. सात मिनिटांच्या शब्दानं चोवीस तासांच्या शब्दाला हरवावं ही अपेक्षाच मला विनोदी वाटते.

वय जितकं कमी तितकी ही तारांबळ जास्त. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पाचांत एकीहून जास्त. एकोणिसाव्या वर्षी मांडीवर मूल असलेल्या मुलीला घरात चहात साखर किती घालायची याचाही अधिकार नसतो. तिला ‘बाळाला फक्त अंगावरचं पाजा’ असं सांगणाऱ्या पत्रकावर चित्र मात्र नेहमी एकट्या आईचं असतं. पत्रक तिच्या सासूला उद्देशून छापायला हवं होतं, आणि नवऱ्याला.

आता इथं मला परंपरेची आरती ओवाळायची नाही. काही रीती दुष्टच आहेत. चीक म्हणजे पहिलं घट्ट पिवळं दूध. ते ‘जड’ म्हणून पिळून टाकणं ही बाळाच्या तोंडचं पहिलं संरक्षण ओतून देणारी रीत. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्याला तापवलेल्या लोखंडानं डागण्याचे प्रकार अजून बातम्यांत येतात. त्याला ‘त्यांची संस्कृती’ म्हणून मान डोलावणारा शहाणा मला त्या डागणाऱ्या भूमकाइतकाच (भूमका म्हणजे तिथला पारंपरिक वैदू) घातक वाटतो, कारण भूमकाला निदान आपण बरं करतोय असं वाटत असतं. तेव्हा प्रत्येक प्रभाव आदराला पात्र असतो असं मी म्हणत नाही. पण तो कुठून आणि का शिरतो ते कळल्याशिवाय काढता येत नाही. जिथं दवाखाना दोन डोंगरांपलीकडे आणि भूमका हाकेच्या अंतरावर, तिथं नुसतं व्याख्यान देऊन भागत नाही.

आणि सगळं खापर आजीवर फोडण्याआधी एक आकडा बघावा. चौथ्या आणि पाचव्या पाहणीच्या दरम्यान देशात दवाखान्यात होणारी बाळंतपणं ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेली. मोठीच झेप. आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचं प्रमाण? ४१.६ वरून ४१.८. जागचं हललं नाही. त्या पहिल्या तासात बहुतेक बाळं आजीच्या नव्हे, दवाखान्याच्या ताब्यात असतात. तिथं बाळ पुसलं जातं, तोललं जातं, वेगळ्या खोलीत नेलं जातं, आईला टाके पडत असतात. याच पाहणीत खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियन होती. पोट फाडलेल्या बाईला तासाभरात बाळ अंगावर घ्यायला दोन माणसांची मदत लागते; एक तिला कुशीवर वळवायला आणि एक बाळ धरायला. तिथंही कमी पडतात ते हातच. माझ्या पहिल्या मुलीच्या वेळी मला बाळ दिसलं ते पाच तासांनी, आणि तोवर कुणीतरी त्याला चमच्यानं साखरपाणी पाजलेलं होतं. आजी नव्हे, पांढरा झगा घातलेली एक मुलगी. दवाखान्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या काळी बऱ्याच ठिकाणी असंच असे.

विज्ञानाचीही एक संस्कृती असते, हे विज्ञानावर विश्वास असलेल्यांनीच जास्त लक्षात ठेवायला हवं. जॉन वॉटसन हा अमेरिकेतला मोठा मानसशास्त्रज्ञ. १९२८ साली त्यानं आयांना सांगितलं की मुलांना मिठी मारू नका, पापे घेऊ नका, मांडीवर बसवू नका; फारच वाटलं तर रात्री कपाळावर एकदा ओठ टेका आणि सकाळी हस्तांदोलन करा. हे त्या काळचं आधुनिक शास्त्र होतं. पुढं कित्येक दशकं पाश्चात्त्य डॉक्टर बाळांना पालथं झोपवायला सांगत होते. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सल्ला फिरवला, १९९४ पासून उताणं झोपवण्याची मोहीम निघाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. इथं मला दोन्ही गोष्टी दिसतात. शास्त्र चुकलं, आणि शास्त्रानं चूक मोजून सुधारली. दुसरी गोष्ट आजीबाईच्या बटव्याला जमत नाही, म्हणून मी शेवटी डॉक्टरांच्या बाजूची. पण पहिली गोष्ट आठवली की बोलताना आवाज थोडा खाली येतो, आणि तो यावा.

उलटही घडतं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच आज जगभर ‘कांगारू केअर’ म्हणून शिकवली जाते. ‘बाळ अंगावेगळं करू नको’ असं आपल्या आज्या सांगत, तेव्हा त्याला नाव नव्हतं.

आजी आणि डॉक्टर यांच्या भांडणात तिसरा पक्ष गुपचूप फायदा उठवतो, तो बाजार. आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला: बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डॉक्टर-परिचारिकांना भेटी द्यायच्या नाहीत. जगातल्या चांगल्या कायद्यांपैकी एक. पण तो लिहिला गेला तेव्हा जाहिरात म्हणजे भिंत, मासिक आणि दूरदर्शन. आता जाहिरात मैत्रिणीसारखी बोलते. तिचंही मूल सहा महिन्यांचं असतं, तिच्या डोळ्यांखालीही काळं असतं आणि तिच्या मागच्या फडताळात डबा ‘सहज’ दिसतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बांगलादेश, चीन, मेक्सिको, नायजेरिया अशा आठ देशांतल्या साडेआठ हजार पालकांशी आणि गरोदर बायकांशी बोलून अहवाल काढला. निम्म्याहून थोड्या जास्त जणांपर्यंत या कंपन्यांचा प्रचार पोहोचला होता. भाषा, धर्म, हवामान यांत काहीही सारखं नसलेले देश, पण डब्यावरचं आश्वासन सारखंच: बाळ शांत झोपेल. कंपनीला नेमकं कळलेलं आहे की आईला दूध नको असतं, झोप हवी असते. हात कमी पडतात तिथं ती डबा ठेवते.

ज्या आईला पावडर द्यावीच लागते तिच्याबद्दल मी हे बोलत नाही. तिच्यावर पापाचं ओझं टाकणाऱ्या स्तनपानभक्तांचाही मला कंटाळा आहे.

मग हातासकट सल्ला देता येतो का? येतो, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत नव्वदच्या दशकात हा प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बाळंतपणाच्या वेळी घरी हजर राहत, बाळाचं वजन घेत, ते गार पडू नये म्हणून गुंडाळत, आईला पाजायला शिकवत, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षात नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि जगानं दखल घेतली. लोक त्यातल्या इंजेक्शनबद्दल बोलतात. मला वाटतं, ती बाई गावची होती, गोंडी-मराठी बोलत होती, आजीच्या पाया पडून मग बाळाला हात लावत असणार आणि पुन्हा तिसऱ्या दिवशी येत होती, यात निम्मं औषध होतं. आजीशी भांडण न करता आजीच्या बाजेवर बसून काम झालं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला याआधी हेच ओळखलं होतं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी आयांना ‘शिक्षणाचं महत्त्व’ सांगत बसण्याऐवजी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागडी माँटेसरी साधनं सोडून खडे, पानं, बिया घेतल्या. अंगणवाडी या शब्दातलं अंगण शब्दशः अंगण होतं. आता त्याची खोली झाली आहे, आणि खोलीत हजेरीपटापासून पोषणाच्या ॲपपर्यंत सगळं असतं.

बंगांचाच धागा धरून २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी जातात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. शेवटचा दिवस आपल्या सव्वा महिन्याच्या जवळ येतो, हे मला आवडतं. या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर आशाताईला ठरलेले २५० रुपये. भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. आमच्या मावशी अंघोळ घालायला याच्या कित्येक पट घेतात आणि ते योग्यच आहे. ज्या देशात बाळाच्या एका अंघोळीपेक्षा बाळाच्या जिवाची तपासणी स्वस्त, तिथं सल्ल्याला वजन कुठून येणार?

शहरात तर आशाताई गेटवरच अडते. आमच्याकडे तिला कधी बघितलंच नाही. तिचं क्षेत्र वस्ती, आमचा टॉवर नव्हे. सर्वांत विचित्र गोष्ट अशी की त्या चार आयांमध्ये सर्वांत एकटी नवव्या मजल्यावरची होती. मदुराईची पाटी दोन महिन्यांनी गेल्यावर तिच्याशी दिवसभर बोलायला फोनखेरीज कुणी नव्हतं. पार्किंगच्या मागच्या खोलीत निदान शेजारच्या बांधकामावरच्या दोघीजणी संध्याकाळी येऊन बसायच्या. भोजपुरीत सोहर, म्हणजे बाळ जन्मल्यावरची गाणी, गायच्या. एकदा मी पायऱ्यांवर उभी राहून ऐकलं. मग नवव्या मजल्यावर जाऊन दार वाजवलं, कारण मला लाज वाटली.

‘त्यांच्यात असंच असतं’ हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकलंय ते ऊसतोड कामगारांबद्दल. दिवाळीच्या सुमारास बीडकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उतरतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. बाळंतीण महिन्याच्या आत फडात, बाळ झाडाला बांधलेल्या झोळीत, आणि झोळीला झोका द्यायला सात वर्षांची थोरली बहीण, जिची शाळा गावाकडेच राहिलेली असते. बघणारे म्हणतात, या लोकांना मुलांची पर्वा नाही, अफूची गोळी देऊन झोपवत असतील. पर्वा? खाडा झाला की पैसे कापतात, उचल फिटत नाही, पुढच्या वर्षीचा करार आजच डोक्यावर बसतो. तिच्या बालसंगोपनावर प्रभाव आहे तो साखर कारखान्याच्या गाळप हंगामाचा. त्याला संस्कृती म्हणणं म्हणजे कर्जाला कुळाचार म्हणण्यासारखं आहे. फडावर पाळणाघर असेल तर तीच बाई किती वेगळी आई होते हे बघायला फार लांब जावं लागणार नाही, पण तेवढं करण्याऐवजी आपण तिला हात धुण्याचं महत्त्व सांगतो. पाणी टँकरचं, तेही आठवड्यातून दोनदा.

दुसऱ्या टोकाला आपली परदेशातली मुलं. अमेरिकेत बाळंतपणाची पगारी रजा देणारा देशपातळीवरचा कायदा नाही. १९९३ चा कायदा आहे तो बारा आठवड्यांच्या बिनपगारी रजेचा, तोही सगळ्यांना लागू नाही. मग मराठी घरांत वेळापत्रक लागतं: आधी तिची आई सहा महिने, मग त्याची आई सहा महिने, पर्यटक म्हणून साधारण तेवढंच राहता येतं म्हणून. ते बाळ मराठीत बोलायला लागतं की नाही हे संस्कारांवर ठरतं असं महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत सांगतात. मला तर ते विमानाच्या तिकिटांवर ठरताना दिसतं. आजी परतली की मराठी परतते.

नेदरलँड्समध्ये वेगळी तऱ्हा आहे. तिथं ‘क्राम्झोर्ख’ नावाची सोय आहे. बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस प्रशिक्षित बाई रोज काही तास घरी येते. बाळाला अंघोळ, आईचे टाके बघणं, पाजायला शिकवणं, थोडंफार घरकाम, थोरल्या मुलाकडे लक्ष. खर्चाचा मोठा भाग मूळ आरोग्यविम्यातून. श्रीमंत, गरीब, डच, मोरोक्कन, आम्स्टेलव्हेनमधली आपली देशपांडे-कुलकर्णी मंडळी, सगळ्यांकडे. माझ्या भाचीकडे आली होती ती पाळण्यात गरम पाण्याची बाटली ठेवायची आणि भाचीची आई शेगडीची धुरी द्यायचा आग्रह धरायची. तीन दिवस शीतयुद्ध. चौथ्या दिवशी त्या बाईनं धुरीचं धुपाटणं बाळाच्या खोलीतून उचलून दिवाणखान्यात नेऊन ठेवलं आणि खिडकी उघडली. वादविवाद नाही. तिचे हात घरात होते म्हणून तिला तो हक्क मिळाला.

यावर कुणी म्हणेल, सरकारी हात घरात आले की घर सरकारचं होतं. नॉर्वेचं उदाहरण देतील. २०११ मध्ये स्ताव्हांगर शहरात एका बंगाली दांपत्याची दोन मुलं तिथल्या बालकल्याण यंत्रणेनं ताब्यात घेतली. हातानं भरवणं आणि आपल्या अंथरुणात झोपवणं हे आपले गुन्हे ठरवले गेले असं पालकांचं म्हणणं होतं. कारण सांस्कृतिक फरक हे नव्हतंच, असं यंत्रणेचं. दोन देशांच्या सरकारांत वाटाघाटी होऊन २०१२ मध्ये मुलं भारतात आली. ही भीती खोटी नाही. पण दोन हातांत फरक करायला हवा. एक हात मूल आंघोळीला घेतो, दुसरा टिपणं घेतो. पहिला आला तर आई आपली चूक आपण होऊन सांगते. दुसरा आला तर ती बाळाच्या गालावरचं तीट पुसून बसते. आमच्याकडच्या आशाताईच्या हातात अहवालाचे कागद वाढत चाललेत, ही मला त्याच दिशेची खूण वाटते.

हातांचा हिशेब मांडताना घरातल्या बापाच्या दोन हातांबद्दल इतका वेळ गप्प राहिले, कारण आपले कायदेही गप्प आहेत. २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. उत्तम. पण रजेचा सगळा खर्च मालकावर, म्हणून मुलाखतीत लग्नाचा बेत विचारला जातो. आणि शेतात, घरकामात, बिगारीवर राबणाऱ्या बहुसंख्य बायका या कायद्याच्या आसपासही नाहीत. बापाला काय? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवस. खासगी नोकरीत कायद्यानं शून्य, कंपनीची मर्जी असेल तेवढं. म्हणजे मूल वाढवणं आईचं काम आहे हे आजीच नव्हे, संसदही सांगते. मग लातूरच्या, मदुराईच्या, सिवानच्या नवऱ्यांत मला सांस्कृतिक फरक शोधूनही सापडला नाही, यात नवल ते काय? चौघेही नवव्या-दहाव्या दिवशी कामावर होते. वॉचमन तर दुसऱ्याच रात्री गेटवर.

मला सहा आठवड्यांची बापाची रजा कायद्यानं हवी आहे, आणि तिचा खर्च मालकावर न टाकता विम्यासारख्या सामायिक निधीतून हवा आहे. आशाताईला पगार हवा, कागद कमी हवेत आणि टॉवरच्या गेटमधून आत यायचा रस्ता हवा. पुण्यासारख्या शहरात भोजपुरी किंवा कन्नड बोलणाऱ्या बायकांतूनच आशा निवडाव्यात. कारखान्यांनी फडावर पाळणाघरं चालवावीत, गाळपाच्या परवान्याची अट म्हणून. हे सगळं महाग आहे हे मला कळतं. हात महागच असतात. आजवर ते आज्यांकडून फुकट घेतले आणि मग त्यांच्या मधाच्या बोटावर लेख लिहिले.

आजीही आता पूर्वीसारखी हाताशी राहिलेली नाही. पन्नाशीतली आजी स्वतः नोकरीत असते, किंवा तिच्या नव्वदीच्या सासूचं करत असते.

मावशींचं सांगायचं राहिलं. वरच्या तिन्ही घरांत त्या ज्या त्या घरचं तेल मुकाट्यानं वापरायच्या. काजळ मात्र कुठंच घालू द्यायच्या नाहीत. डोळे येतात म्हणायच्या, तीट गालावर लावा. डॉक्टर सांगून थकलेले. मावशींनी सांगितल्यावर तिन्ही आज्यांनी ऐकलं. खाली वॉचमनच्या खोलीत त्या जाता जाता दहा मिनिटं थांबायच्या, पैसे न घेता, आणि त्या सिवानच्या मुलीला पाय पसरून त्यांवर बाळ कसं घ्यायचं ते दाखवायच्या. नोव्हेंबरात त्या चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या तेव्हा कळलं, सुनेचं बाळंतपण झालं, मुलगी झाली, सिझर.

“मग इतक्यात कशाला आलात?” मी विचारलं. “तिच्याजवळ कोण आहे?”

“माझा धाकटा आहे की,” त्या बादलीत हात घालून पाण्याचा अंदाज घेत म्हणाल्या. “नववीत आहे. पंधरा दिवस शाळेत नको जाऊ म्हटलं त्याला. बाळाला धरायला शिकवलंय मी.”